सहा की आठ?

माझ्या भाच्याने अमेरिकेत १९५१ सालचा एक पिकअप ट्रक विकत घेतला, तेव्हा आमच्या ताईला वाटलं, पोरगं कॉम्प्युटरची नोकरी सोडून भाजीच्या धंद्यात पडलं. तिची समजूत घालता घालता माझी पुरेवाट झाली. तिकडे लोक हौसेने जुने ट्रक घेतात, वर्षानुवर्षं गॅरेजात त्यांच्याखाली उताणे पडतात आणि या प्रकाराला 'प्रोजेक्ट' म्हणतात, हे तिला काही केल्या पटेना. "उताणं पडायला ट्रक कशाला लागतो? हे रोज दिवाणावर पडतातच की!" हा तिचा मुद्दा मला आजतागायत खोडता आलेला नाही.

ट्रक शेव्हरलेट कंपनीचा, मॉडेल ३१००, अर्ध्या टनाचा. मिशिगनमधल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून घेतलेला. म्हाताऱ्याच्या वडिलांनी तो नवाकोरा आणला होता. पुढे एका हिवाळ्यात कुणीतरी रेडिएटरमध्ये साधं पाणी ठेवलं, त्याचा बर्फ झाला, बर्फ फुगला आणि इंजिनाचा ब्लॉक तडकला. म्हणजे आता इंजिन बदलणं आलं. भाच्यापुढे दोन पर्याय होते. एक त्याच घराण्यातलं सहा सिलिंडरचं, दुसरं आठ सिलिंडरचं धिप्पाड. त्याने मला फोन केला. "मामा, तुम्ही बँकेत कर्जाची प्रकरणं बघता. या दोघांत कुणाला पास कराल?"

वास्तविक इंजिनातलं मला काय कळतं? मी बी.कॉम. स्कूटर बंद पडली की तिला तिरपी करायची आणि मग मेकॅनिककडे ढकलत न्यायची, एवढंच माझं यंत्रशास्त्र. पण कर्जाच्या प्रकरणात आम्ही अर्जदाराच्या तोंडाकडे बघत नाही, पूर्वेतिहास बघतो. तेव्हा मी दोन्ही इंजिनांचा पूर्वेतिहास काढायला बसलो.

१९२७ साली हेन्री फोर्डने आपली मॉडेल टी बंद केली. तोवर दीड कोटी गाड्या निघाल्या होत्या, पण गिऱ्हाईक आता शेव्हरलेटच्या दुकानात जाऊ लागलं होतं. शेव्हरलेटचा कारभार विल्यम नडसन नावाच्या गृहस्थाकडे होता. हा पूर्वाश्रमीचा फोर्डचाच माणूस. मालकाची सगळी बिंगं ठाऊक असलेला दिवाणजी समोरच दुकान थाटतो तेव्हा काय होतं, ते आपल्याकडे कुठल्याही पेठेत बघायला मिळतं. फोर्डने चार सिलिंडरची नवी मॉडेल ए काढली. शेव्हरलेटने चारच्या भावात सहा देऊ केले! हे इंजिन आलं १९२९ च्या गाडीत, पण १९२८ च्याच गाडीत पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर चार इंचांनी वाढवून त्याची जागा करून ठेवली होती. लग्न ठरायच्या आधी पाळणा आणून ठेवणारी माणसं!

या इंजिनाचं टोपणनाव 'स्टोव्हबोल्ट'. त्याची झाकणं ज्या बोल्टांनी बसवलेली असत ते घरातल्या शेगडीच्या बोल्टांसारखे दिसत, म्हणून. पिस्टनसुद्धा बिडाचे. दिसायला सगळा प्रकार तव्या-कढयांच्या दुकानासारखा, पण चालायला भरवशाचा. एका रांगेतल्या सहा सिलिंडरांत एक गुण उपजतच असतो. एक पिस्टन वर जाताना दुसरा खाली येतो, एकाची ओढ दुसरा फेडतो आणि इंजिन थरथरत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचं तर जमा आणि नावे दर क्षणाला जुळतात. हे आम्हाला वर्षातून एकदा, ३१ मार्चला, तेही रात्री अकराच्या पुढे जमतं.

भाच्याच्या ट्रकमधलं २१६ घन इंचांचं, म्हणजे साडेतीन लिटरचं इंजिन याच घराण्यातलं. त्याची तेल पिण्याची पद्धत मला फार आवडली. प्रत्येक कनेक्टिंग रॉडच्या बुडाला एक चिमुकली पळी असे. खालच्या पन्हळीतलं तेल ती दर फेऱ्याला उडवी आणि बेअरिंगला आचमन घडे. बेअरिंग तरी कसलं? कथील, अँटिमनी आणि तांबं यांचा रस ओतून केलेलं. कल्हईवाल्याच्या जवळच्या नात्यातलं काम. झिजलं की मधला पातळ पत्रा काढायचा आणि पुन्हा आवळायचं. शेतावरच्या वेगाला हे छान चाले. पण हमरस्त्यावर तासन्‌तास पळवलं की पळीचं तेल पुरेना. मग १९५३-५४ च्या सुमारास थोरल्या भावाला, २३५ घन इंचांच्या इंजिनाला, सगळ्या बेअरिंगांपर्यंत दाबाने तेल पोचवायची सोय झाली आणि १९५४ पासून ते पिकअपमध्ये बसू लागलं. पहिल्या कॉर्व्हेट स्पोर्ट्‌स कारमध्येही, १९५३ साली, तीन कार्ब्युरेटर लावून हेच सहा सिलिंडरचं इंजिन घातलं होतं. गायनाचार्यांना लावणीला उभं करावं तसं. त्या वर्षी अशा गाड्या निघाल्या फक्त ३००.

आपल्या लोकांना हे घराणं अगदीच परकं नाही. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला होता, तो १९५४ पर्यंत चालला. १९४८ च्या १ जूनला पुणे-अहमदनगर एस.टी. सुरू झाली, त्या काळच्या ताफ्यात शेव्हरलेट होत्या आणि बेडफर्डही. आणि बेडफर्ड ट्रक १९३१ साली इंग्लंडात जन्मले तेच शेव्हरलेटच्या सहा सिलिंडरचं बोट धरून. जपानात टोयोडांनी १९३४ साली आपलं पहिलं इंजिन बनवलं तेही एक शेव्हरलेट सुटी करून, तिच्यावर बेतून. आज टोयोटाचा तोरा बघणाऱ्याला हे सांगून खरं वाटत नाही.

आता दुसरा अर्जदार. सहाला उत्तर म्हणून फोर्डने १९३२ साली स्वस्तातलं आठ सिलिंडरचं इंजिन काढलं, इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचं. त्यानंतर तेवीस वर्षं शेव्हरलेट आपली शेगडी फुंकत बसली. मग एड कोल नावाचा मुख्य इंजिनिअर आला आणि १९५५ च्या मॉडेलात शेव्हरलेटचं व्ही-८ अवतरलं. २६५ घन इंच, १६२ अश्वशक्ती, आणि सहा सिलिंडरच्या इंजिनापेक्षा वजनाला सुमारे ४० पौंड कमी! जाड, महागडे रॉकर काढून त्यांनी पत्रा दाबून केलेले बसवले, वरचं तेल पोकळ पुशरॉडमधूनच चढवलं. मला हा कोल मनापासून आवडला. तो इंजिनिअर होता खरा, पण मनाने कॉस्ट अकाउंटंट. त्याच वर्षी हे इंजिन पिकअपमध्येही मिळू लागलं. पुढे १९६७ साली त्याचं ३५० घन इंचांचं, ५.७ लिटरचं रूप आलं, तेच भाच्याच्या मनात भरलं होतं. या कुळातली इंजिनं इतकी निघाली की २०११ साली दहा कोटींचा आकडा गाठला. त्यामुळे ती पैशाला पासरी. सहापेक्षा आठ स्वस्त पडतात, हे गणित फक्त भंगारवाल्यालाच सुटतं.

शिवाय त्याचा तो आवाज! चार-चारच्या दोन पंगती समोरासमोर बसलेल्या, पण वाढपी एका ओळीने जात नाही. कधी या पंगतीत सलग दोघांना, कधी त्या पंगतीत. त्यामुळे एकेका बाजूला ठोके असमान पडतात आणि ती प्रसिद्ध गुरगुर निघते. भाच्याने ती मला फोनवर ऐकवली. मला आमच्या हेडकॅशिअरची आठवण झाली.

पण खरी मेख पुढे होती. साधूने लंगोटीसाठी मांजर पाळलं आणि मांजरासाठी गाय, ती गोष्ट आठवते ना? आठ घातले की त्यांच्यासाठी गिअरबॉक्स बदला. मग मागचा दांडा बदला, कारण जुन्या ट्रकमध्ये तो एका बंद नळीत कोंडलेला. मग मागचा आस बदला, कारण तो मुळात हळू चालण्यासाठी, ४.११ च्या हिशेबाने, दातलेला. मग सहा व्होल्टची वायरिंग बारा व्होल्टची करा. शेवटी १९५१ सालातलं काय उरतं? नंबरप्लेट आणि दरवाजे. उलट २३५ घन इंचांचं सहा जुन्याच जागी, जुन्याच गिअरबॉक्सला, थोड्याफार खटपटीत बसतं.

मी हे सगळं दोन रकान्यांत मांडून पाठवलं. भाचा तरीही गुरगुरीवरच अडून बसला. तेव्हा भाचेसून, जिने आतापर्यंत एक शब्द काढला नव्हता, तिने विचारलं, "जोर दुप्पट होणार. ब्रेक कुणाचे? १९५१ चेच ना? आणि मधल्या जागेवर आपली मुलगी बसणार ना?"

माझ्या दोन्ही रकान्यांत ब्रेक नव्हते. ते भाच्याच्या एस्टिमेटमध्येच नव्हते.

भंगारात १९५४ चं सहा सिलिंडरचं इंजिन मिळालं. व्ही-८ च्या खटाटोपात गेले असते त्यातले थोडे पैसे नव्या ब्रेकवर आणि सीटबेल्टवर गेले, बाकीचे भाचेसुनेने ठेवून घेतले. ट्रक तयार झाला तेव्हा म्हाताऱ्या शेतकऱ्याला बोलावलं. या ट्रकचा स्टार्टर पायाने दाबायचा असतो, किल्ली फिरवून भागत नाही. नव्या माणसाला ते सांगावं लागतं. म्हातारा चढला, किल्ली फिरवली आणि बोलता बोलता पाय आपोआप तिकडे गेला. मग तो, भाचा आणि मधे पट्टा बांधलेली पोर असे तिघे धान्याच्या दुकानापर्यंत जाऊन आले, ताशी ४० मैलांनी. मागे गाड्यांची ही रांग लागली होती, असं भाचेसून सांगत होती. त्या रांगेत पहिली गाडी तिचीच होती.