पानिपतची आपत्ती आणि तिचे लेखक

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणभूमीवर मराठ्यांचा जो संहार झाला, त्याविषयी मराठीत जितके लिहिले गेले तितके दुसऱ्या एखाद्या लढाईविषयी क्वचितच लिहिले गेले असेल. परंतु हे लेखन एकजिनसी नाही. कोणी हानीचा हिशेब मांडला, कोणी शोक केला, कोणी अपराधी शोधला, तर कोणी पुरावा. या भिन्नतेचे कारण सामान्यतः लेखकांच्या मतभेदांत किंवा त्यांच्या माहितीच्या कमी-अधिकपणात शोधले जाते. तेवढ्याने भागत नाही. लेखक कोणाला उत्तर देण्यासाठी लिहीत होता, हे पाहिल्यावाचून त्याच्या लेखनाचे साधन म्हणून मोल ठरविता येत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

या मालिकेतील पहिला लेखक एक सावकार आहे. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती वाटेत एक सांकेतिक पत्र पडले, असे सांगतात. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात त्याचा मजकूर दिला आहे. सदाशिवराव व विश्वासराव ही त्यात मोत्ये आहेत, प्रमुख सरदार या मोहरा आहेत आणि उरलेले सैन्य हा अगणित खुर्दा आहे. पत्राला उत्तर द्यावयाचे होते ते पेढीला, म्हणून त्यात ना शोक आहे ना दोषारोप. मात्र मूल्यांची एक उतरंड त्यात आपोआप नोंदली गेली आहे. तिच्याकडे शेवटी पुन्हा वळावे लागेल.

नाना फडणिसांचे आत्मवृत्त याच्या अगदी उलट टोकाला आहे. लढाईच्या वेळी नाना अठरा वर्षांचे होते. पळापळीत आई अंतरली. ते स्वतः वेष पालटून, पायपीट करीत दक्षिणेत परतले. पुढे ज्यांनी अर्धे आयुष्य राज्यकारभार हाकला, त्यांनी आपली ही कथा मात्र १७६१ पाशीच थांबविली, ही गोष्ट लक्षणीय आहे. त्यांच्यापुढचा प्रश्न राज्य का हरले हा नसून आपण का वाचलो हा आहे, आणि त्याचे उत्तर ते ईश्वराच्या कृपेत शोधतात. सेनेची मांडणी किंवा रसदेचा हिशेब पाहण्यासाठी हे आत्मवृत्त उघडणाऱ्याची निराशा होईल. वाचलेल्या माणसाच्या मनःस्थितीचे साधन म्हणून मात्र त्याला तोड नाही.

बखरींचा प्रश्न यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. कृष्णाजी शामरावाच्या नावावर असलेली भाऊसाहेबांची बखर पानिपतावर एकदम येत नाही. उत्तरेतील आधीच्या मोहिमांपासून ती प्रारंभ करते आणि मल्हाररावांनी नजीबखानाला जीवदान दिले, या प्रसंगावर विशेष भर देते. नजीब संपला तर आपली गरज उरणार नाही, हा विचार बखरकार मल्हाररावांच्या मुखी घालतो. तो संवाद प्रत्यक्ष घडला की नाही, हे ठरविण्यास साधन नाही. परंतु आपत्तीनंतर दरबारात व सरदारांच्या वाड्यांत दोषाची वाटणी कशी होत होती, याचा तो प्रत्यक्ष पुरावा होय. संख्या फुगविणारी व महाभारताच्या उपमा योजणारी बखर घटनेविषयी अविश्वसनीय असू शकेल, पण समाजाच्या समजुतीविषयी ती विश्वसनीय आहे.

शत्रुपक्षाच्या छावणीतून लिहिणारा काशीराज पंडित वंशाने दक्षिणी, चाकरीने शुजाउद्दौल्याचा आणि लेखनभाषेने फारसी होता. घटनेनंतर सुमारे वीस वर्षांनी त्याने आपला वृत्तान्त रचला. भाऊंनी शुजामार्फत चालविलेल्या तहाच्या बोलण्यांना आणि लढाईनंतर विश्वासरावांच्या शवावर संस्कार व्हावेत म्हणून झालेल्या खटपटीला त्यात मोठे स्थान आहे. दोन्ही बाजूंशी ज्याचे नाते होते, त्याला जयापजयापेक्षा ही आपत्ती टळली असती काय, हा प्रश्न अधिक जवळचा वाटावा, हे स्वाभाविकच होय. भाऊंच्या देहाविषयीचा संशय मात्र पुरता मिटला नाही. १७७६ साली तोतयाला देहान्त शासन होईपर्यंत त्या संशयाने राज्याला ग्रासले.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर श्रोताच बदलला. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालिकेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि बखरींना पत्रांच्या न्यायासनापुढे उभे केले. तरीही मल्हारराव व गोविंदपंत बुंदेले यांच्यावर दोष ठेवताना त्यांनी बखरकाराचाच प्रश्न पुढे चालविला. साधन बदलले, पृच्छा बदलली नाही. यदुनाथ सरकारांनी हा पराभव निर्णायक मानला. सरदेसायांनी १७७२ साली शाह आलमला दिल्लीच्या तख्तावर पुन्हा बसविण्यापर्यंत पोहोचलेल्या मराठी सत्तेकडे बोट दाखवून तसे मानण्यास नकार दिला. शेजवलकरांनी ‘पानिपत १७६१’ या ग्रंथात विचारणा हेतूकडे वळविली. इंग्रजीत १९४६ साली व मराठीत १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथातील मुख्य प्रश्न, मराठे तेथे कशासाठी लढले, हा आहे. गोविंदाग्रजांनी ‘पानपतचा फटका’ लिहून आणि विश्वास पाटलांनी १९८८ च्या कादंबरीत भाऊंना नायकपद देऊन पराभवाचे रूपांतर अभिमानात केले. त्यांचा श्रोता दरबार नव्हे, संशोधन-मंडळ नव्हे, तर वाचक-समाज होता.

या सर्वांत एक श्रोता कोणालाच दिसला नाही. ज्यांना त्या पत्राने खुर्दा म्हटले, ते बुणगे, यात्रेकरू, स्त्रिया, शागिर्दपेशातील माणसे यांनी काही लिहून ठेवले नाही, आणि लिहिणाऱ्यांपैकी कोणी त्यांना उत्तर देण्यासाठी लेखणी उचलली नाही. रणात पडलेल्यांच्या मुलाबाळांच्या निर्वाहासाठी बालपरवेशी देण्याची पेशवाईत चाल होती. तशा नोंदींत निदान शिलेदार-बारगिरांची घरे तरी सापडतात. दोषी कोण, हा वाद दोन शतकांहून अधिक काळ चालला आहे. तो आणखी लांबविण्यापेक्षा या नोंदी गावनिहाय एकत्र करणे अधिक उपयोगाचे ठरेल. मोत्ये व मोहरा यांचा हिशेब झाला आहे. खुर्द्याची गणती अद्याप राहिली आहे, आणि ती करणे हे इतिहासाचे काम आहे.