मातीची बखर

अभनपुरापासून राजिम फारसे दूर नाही. तेथील राजीवलोचन मंदिरात जगपालदेवाचा इ. स. ११४५ मधील शिलालेख आहे. तो पाहावयास आपण आवर्जून जातो. वाटेतल्या मातीकडे मात्र क्वचितच पाहतो. छत्तीसगढी शेतकरी तिला नावांनी ओळखतो: भाटा, मटासी, डोरसा, कन्हार. कोणत्या जमिनीत धान साधेल, हे तो तिचा रंग व पोत पाहून सांगतो. हीच दृष्टी भूतकाळाकडे वळविली, की पुरातन मृदांचा अभ्यास सुरू होतो.

माती गाडली जाऊन तिचा दगड झाला, तरी ती आपली ओळख सोडीत नाही. मुळांच्या वाटा, उन्हाने पडलेल्या भेगा, चुन्याचे खडे आणि रंगांचे थर तिच्यात टिकून राहतात. जबलपूरजवळील लमेटा घाटावरून ज्यांना नाव मिळाले, ते थर याचे उत्तम उदाहरण होत. याच थरांतून १८२८ साली स्लीमनला प्रचंड प्राण्यांची हाडे मिळाली. तेथील चुनखडक पाण्याखाली साचला असावा, असे पुष्कळ काळ मानले जाई. १९८७ मध्ये ब्रुकफील्ड व अशोक साहनी यांनी दाखविले, की त्यात निमकोरड्या मैदानावरील जुन्या मृदा आहेत. दगड तोच, पण समुद्राच्या जागी जमीन आली, आणि ज्या भूमीवर डायनासोर वावरले ती भूमीच आपल्या हाती लागली.

चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे याच काळच्या थरांत त्यांची अश्मीभूत विष्ठा सापडते. तिच्यात गवताच्या पेशींत साचलेले सिलिकेचे सूक्ष्म कण आढळल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. गवताचा विस्तार डायनासोरांनंतरचा, ही समजूत त्यामुळे ढळली. २०११ साली तर धानाच्या गणाशी नाते सांगणारे अवशेषही त्यात ओळखले गेले. ते आजचे धान नव्हे. तरी या धानाच्या मुलखात बसून ही वार्ता वाचताना मन क्षणभर थबकते.

कचेरीत तारीख व आवक क्रमांक फाटून गेलेला कागद आम्हांस निरुपयोगी ठरतो. थरापासून सुटलेल्या हाडाचीही तीच गत. खाणीसाठी, रस्त्यासाठी टेकडी खणली जाते तेव्हा केवळ मुरूम जात नाही. बखरीचे पानही जाते, आणि त्या पानाची दुसरी प्रत कोठेच नसते. शिलालेखावर आपण छप्पर घालतो. मातीच्या लेखासाठी निदान खणण्यापूर्वी एकवार वाकून पाहावे, एवढे तरी आपल्या हाती आहे.