डिपॉझिट अडकले, भाडे थकले: घरमालक आणि भाडेकरूंचे छोटे वाद कसे मिटवायचे?

खोली सोडताना घरमालकाने डिपॉझिटमधून रंगकामाचे सहा हजार कापले. किंवा भाडेकरूने शेवटचे दोन महिने भाडेच दिले नाही आणि "डिपॉझिटमधून वळते करून घ्या" असे सांगून चावी शेजारी ठेवली. महाराष्ट्रातल्या शहरांमध्ये भाड्यावरून होणारे हे नेहमीचे वाद. रक्कम पाच-दहा हजारांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत. वकील लावून कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्यात इतकी ती मोठी नसते, आणि सोडून द्यावी इतकी लहानही नसते. गावाकडून शिकायला आलेल्या मुलासाठी ती दोन-तीन महिन्यांच्या मेसचे पैसे असते, आणि एका खोलीच्या भाड्यावर घर चालवणाऱ्या निवृत्त मालकासाठी महिन्याचा किराणा.

राहणारा नक्की कोण?

बोलताना सगळ्यांनाच भाडेकरू म्हणतात. कायद्याला मात्र फरक पडतो. 'महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९' राज्यात ३१ मार्च २००० पासून लागू आहे. जुन्या चाळीत किंवा वाड्यात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या भाडेकरूला या कायद्याचे भक्कम संरक्षण आहे. त्याचे भाडे थकले, तरी लेखी मागणीची नोटीस देऊन ९० दिवस उलटल्याशिवाय मालकाला त्या कारणासाठी घर खाली करण्याचा दावा लावता येत नाही.

अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर राहणाऱ्याची गोष्ट वेगळी. तो परवानाधारक. मुदत संपली की त्याने जागा सोडायची. न सोडल्यास मालक कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई लागू होते. "बघू, काढून दाखवा" ही भाषा इथे महागात पडते.

तिसरा पेइंग गेस्ट. कायद्याच्या व्याख्येत पेइंग गेस्ट म्हणजे मालक स्वतः राहतो त्याच घराचा काही भाग ज्याला राहायला दिला आहे तो. एखाद्या आजींच्या घरात एका खोलीत कॉटबेसिसवर राहणारा विद्यार्थी त्यात बसतो. पण अख्ख्या इमारतीवर 'पीजी' अशी पाटी आणि मालक राहतो दुसऱ्याच भागात, तर ती जागा नुसत्या पाटीने पीजी ठरत नाही. असा मालक जेवण, साफसफाई, कपडे धुणे यांसह राहण्याची सोय विकत असेल, तर आणखी एक रस्ता उघडतो. 'ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९' मधील सेवेच्या व्याख्येत निवास आणि भोजन यांचा स्पष्ट उल्लेख आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून पाहणे सोपे.

करार नोंदवलेला आहे का?

"अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही" हा गैरसमज अजून टिकून आहे. नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, त्यातून ही अकरा महिन्यांची युक्ती निघाली. महाराष्ट्रात ती चालत नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला हवा, मग तो कितीही महिन्यांचा असो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरले जाते. हजार-दोन हजार वाचवण्यासाठी साध्या स्टॅम्पपेपरवर सही घेणारा मालक वादाच्या दिवशी असा स्वतःच्याच हाताने अडकतो. नोटीस किती दिवसांची, रंगकाम कोणाच्या खर्चाने, लाइटबिल कोण भरणार, हे नोंदवलेल्या करारात स्पष्ट असेल तर बरेच वाद उभेच राहत नाहीत.

भांडण नेमके किती रुपयांचे?

समजा, भाडे महिना ९,००० रुपये आणि डिपॉझिट २७,०००. मुलगा २२ महिने राहिला आणि राहिलेल्या दिवसापर्यंतचे भाडे त्याने चुकते केले. करारात एक महिन्याच्या नोटिशीची अट होती, त्याने १५ दिवस आधी सांगितले. मालकाने नोटिशीपोटी पूर्ण महिन्याचे ९,०००, रंगाचे ६,००० आणि लाइटबिलाचे १,१४० असे १६,१४० रुपये कापून १०,८६० परत केले. दोघांत बोलणे बंद.

आता एकेक ओळ पाहू. लाइटबिल वापरल्याचे, ते द्यावेच लागेल. नोटीस १५ दिवसांनी कमी पडली, म्हणून करारात वेगळे लिहिले नसेल तर मालकाचा रास्त दावा १५ दिवसांचा, म्हणजे ४,५०० रुपयांचा. राहता राहिला रंग. दोन वर्षांत भिंत मळते, रंग उतरतो. ही वापराची झीज. मालमत्ता हस्तांतरण कायद्यातसुद्धा जागा परत करताना साधारण वापराने होणारी झीज सोडून दिलेली आहे. फुटलेले बेसिन, भिंतीला पाडलेली भोके किंवा जळालेला ओटा ही मात्र नुकसानी, आणि ती राहणाऱ्याच्या माथी. करारात रंगकामाचा खर्च आधीच लिहून दिला असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणजे खरा वाद २७,००० चा नाही, १०,५०० चा आहे, आणि त्यातही दोनच ओळींचा. असा हिशेब कागदावर मांडला की "मालकाने लुबाडले" आणि "पोराने फसवले" ही भाषा थोडी खाली येते.

शेवटच्या महिन्यांचे भाडे डिपॉझिटमधून वळते करण्याची सवय मात्र दोघांच्याही तोट्याची. डिपॉझिट हे भाडे नव्हे. मालकाची संमती नसताना भाडे थांबवले तर ती थकबाकीच, आणि मालकाच्या हातात मोडतोडीसाठी काहीच उरत नाही. संमती दिली असेल, तर ती निदान व्हॉट्सअॅपवर एका ओळीत घ्यावी.

लेखी मागणी

फोनवरच्या वादाचा उपयोग होत नाही. आधी मेसेज किंवा ईमेल, उत्तर न आल्यास स्पीड पोस्टने पत्र, आणि पोचल्याचा पुरावा जपून ठेवावा. पत्र वकिलाचेच हवे असे नाही. मजकूर एवढा पुरतो:

"मी आपली खोली अमुक तारखेला सोडून चावी आपल्या ताब्यात दिली. २७,००० रुपये डिपॉझिटपैकी १०,८६० मिळाले. लाइटबिलाचे १,१४० आणि कमी पडलेल्या नोटिशीचे ४,५०० मला मान्य आहेत. रंगकामाची ६,००० आणि नोटिशीपोटी जादा कापलेली ४,५०० अशी १०,५०० रुपयांची कपात मान्य नाही. ही रक्कम १५ दिवसांत माझ्या खात्यावर जमा करावी."

थकलेले भाडे मागणाऱ्या मालकानेही महिना, रक्कम आणि शेवटची जमा तारीख लिहूनच मागावे. शिव्या, धमकी, "बघून घेईन" यातले काही पत्रात आले, तर ते पत्र समोरच्याचाच पुरावा बनते.

काय करू नये

भाडे थकले म्हणून मालकाने कुलूप घालणे, सामान अडवून ठेवणे, पाणी किंवा वीज तोडणे टाळावे. भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा तोडणे हा कायद्याने गुन्हा आहे. डिपॉझिटचा नुसता वाद हा दिवाणी मामला असतो, त्यात पोलीस वसुली करून देत नाहीत. पण कोंडून ठेवले किंवा मारहाणीची धमकी दिली, तर ११२ वर फोन करावा. दुसरी चूक भाडेकरूंची: मालकाचा फोटो, मोबाइल नंबर, कराराची पाने फेसबुक ग्रुपवर टाकणे. त्याने पैसे येतील याची खात्री नाही, बदनामीचा दावा मात्र येऊ शकतो.

पत्रानेही भागले नाही तर

प्रत्येक जिल्ह्यात, सहसा न्यायालयाच्या आवारातच, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. दावा दाखल होण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवण्यासाठी तिथे अर्ज करता येतो. तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नसते. महिला, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. हेल्पलाइन १५१००. लहान रकमांसाठी हाच रस्ता सर्वात शहाणपणाचा. मुंबईत मालक आणि भाडेकरू किंवा परवानाधारक यांच्यातील भाड्याचे आणि ताब्याचे दावे लघुवाद न्यायालयात चालतात. थकलेल्या भाड्याच्या वसुलीची मुदत तीन वर्षांची आहे.

"नवा भाडे कायदा आला, डिपॉझिट आता दोनच महिन्यांचे" असे मेसेज फिरत असतात. त्यांचे मूळ २०२१ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात आहे. तो राज्यांसाठी नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. त्यामुळे महाराष्ट्रातल्या मालकाला तो मेसेज पुढे पाठवून डिपॉझिट परत मिळणार नाही. त्यापेक्षा स्वतःच्या मोबाइलमधल्या गोष्टी कामाच्या: यूपीआयच्या नोंदी, खोली घेताना आणि सोडताना काढलेला व्हिडिओ, मीटरच्या रीडिंगचा फोटो, चावी दिल्याचा मेसेज. भाडे रोख दिले असेल तर पावती मागावी. ती देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. मोबाइलमधला पुरावा न्यायालयात मांडताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, म्हणून मूळ चॅट पुसू नये आणि फोन बदलताना बॅकअप घ्यावा.