पृष्ठीय शारीर

त्वचेवर दिसणाऱ्या किंवा बोटांना लागणाऱ्या खुणांवरून आतील रोहिण्या, स्नायू, तंत्रिका इत्यादींची स्थाने ठरविणाऱ्या शारीराच्या (शरीररचनाशास्त्राच्या) शाखेस ‘पृष्ठीय शारीर’ म्हणतात. अस्थींचे उंचवटे, कंडरांच्या कडा व त्वचेच्या वळ्या या तिच्या प्रमुख खुणा होत.

भारतात या ज्ञानाची वाढ शस्त्रकर्मातील धोका टाळण्याच्या गरजेतून झालेली दिसते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात १०७ मर्मे वर्णिली आहेत : मांसांत ११, सिरांत ४१, स्नायूंत २७, अस्थींत ८ व संधींत २०. यांतील ‘स्नायू’ म्हणजे बंध व कंडरा. हल्लीच्या अर्थाचे स्नायू ‘मांस’ या गटात येतात. १९ मर्मांवरील आघात सद्यःप्राणहर मानला आहे. मर्माचा विस्तार ज्याच्या त्याच्या अंगुलांनी मोजून शस्त्र त्यापासून दूर ठेवावे, असा दंडक होता. प्रत्यक्ष ज्ञानासाठी गवताने वेष्टिलेले शव वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवून, नंतर त्याचे थर हळूहळू खरवडून पाहण्यास सांगितले आहे. पुढे शवविच्छेदन मागे पडले आणि मर्मज्ञान बव्हंशी पाठांतरापुरते उरले. शार्ङ्गधरसंहितेत मात्र अंगठ्याच्या मुळाशी नाडी पाहण्याचे वर्णन आढळते.

यूरोपात जॉन हंटर यांनी १७८५ मध्ये गुडघ्यामागील रोहिणीविस्तारावर उपाय म्हणून मांडीतील रोहिणी बांधली. अशा शस्त्रक्रियांसाठी छेद कोठे घ्यावा, हे बाहेरूनच ठरवावे लागे. मुंबईत १८४५ साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यावर पाश्चात्त्य पद्धतीचे शारीर या प्रांतात रुजले. बेवारस शवे अध्ययनासाठी मिळावीत म्हणून १९४९ मध्ये मुंबई शारीर अधिनियम करण्यात आला. १९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. आधुनिक वैद्यक व आयुर्वेद या दोन्ही शाखांची महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत.

याच जिल्ह्यातील कळवणसारख्या डोंगराळ, आदिवासीबहुल तालुक्यात दूरच्या पाड्यावर प्रतिमादर्शक यंत्र हाताशी नसते. तेथे या खुणांचे महत्त्व विशेष जाणवते. श्रोणीच्या हाडाचे पुढील टोक व जघनसंधी यांच्या मध्यावर, जांघेच्या घडीशी, मांडीतील रोहिणीचे स्पंदन लागते. पायातून रक्तस्राव होत असता तेथे दाब देता येतो. नितंबात अंतःक्षेपण करताना वरचा बाहेरील चतुर्थांश निवडल्यास पायाकडे जाणारी मोठी तंत्रिका वाचते. स्थान चुकल्यास पाय कायमचा लुळा पडू शकतो. कोठे टोचावे याइतकेच कोठे टोचू नये हेही ही शाखा शिकविते. मर्मविचाराचा हेतूही हाच होता.