पुरात बुडालेले धान: पानांतील स्टार्च आणि ते तोडणारी विकरे

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला. कारधा-भंडारा पट्ट्यात नदीकाठच्या बांध्या पाण्याखाली गेल्या. अशा वेळी काही धान सावरते, काही सडते. हा फरक बराचसा रोपातील स्टार्चच्या साठ्यावर ठरतो.

साठा कसा खर्च होतो?
दिवसा पानात साखर व स्टार्च तयार होते. धानात स्टार्चचा साठा प्रामुख्याने पर्णावरण व खोडात असतो. पाण्याखाली प्रकाश व हवा कमी मिळते, तेव्हा रोप या साठ्यावर जगते. तो तोडणारी विकरे म्हणजे एन्झाइम अनेक आहेत. त्यांपैकी दोन महत्त्वाची:

- अल्फा अमायलेज: स्टार्चची साखळी मधूनच तोडते. त्यामुळे आयोडीनचा निळा रंग लवकर जातो.
- बीटा अमायलेज: टोकाकडून माल्टोज सुटे करते.

प्रयोगशाळेत वेगळी कशी करतात?
पाने थंड बफरमध्ये वाटून, गाळून, सेंट्रिफ्यूज करतात. अमोनियम सल्फेटने प्रथिने खाली बसवून ती कॉलममधून वेगळी करतात. प्रत्येक टप्प्यावर प्रति मिलिग्रॅम प्रथिन क्रियाशीलता मोजतात. ती वाढत गेली तर शुद्धीकरण होत आहे. कॅल्शियम घालून अर्क ७० अंश सेल्सिअसला तापवला की बीटा निकामी होते, अल्फा बहुधा टिकते. मात्र पान वाटताना पेशीचे सर्व भाग मिसळतात. वाटाणा व पालकाच्या पानांत बरेचसे अमायलेज हरितलवकाबाहेर आढळले आहे. म्हणून केवळ एकूण आकड्यावरून निष्कर्ष काढू नये.

सब-१ वाणांचा फायदा
ओडिशातील एफआर १३ए या वाणातील सब-१ए जनुक २००६ मध्ये ओळखले गेले. बुडाल्यावर ते रोपाची उंच वाढ रोखते आणि अल्फा अमायलेजची निर्मिती कमी ठेवते. साठा वाचतो, पाणी ओसरल्यावर नवी पाने फुटतात. हे जनुक असलेले स्वर्णा सब-१ शाकीय वाढीत सुमारे दोन आठवडे बुडणे सोसते. फुलोऱ्यात मात्र हे संरक्षण गृहीत धरू नका. वाण उशिरा येणारे आहे, त्यामुळे खोलगट, ओल टिकणाऱ्या बांधीसाठीच विचार करा.

पूर ओसरल्यावर काय करावे?

1. बांध फोडून साचलेले पाणी काढा.
2. रोप उपटून पाहा. वाढीचा कोंब पांढरा व टणक असेल तर रोप जिवंत आहे.
3. पर्णावरण कापून आयोडीनचा थेंब टाका. निळा-काळा रंग म्हणजे साठा शिल्लक आहे. न बुडालेल्या रोपाशी, एकाच वेळी, तुलना करा.
4. लगेच युरिया टाकू नका. साधारण आठवड्याने नवे हिरवे पान दिसल्यावरच द्या.
5. पुढील हंगामात पुराच्या पट्ट्यातील पऱ्ह्यांना जास्त नत्र देऊ नका. अशी रोपे कोवळी राहतात, साठा कमी असतो.

कोंब मऊ व दुर्गंधीयुक्त झाला असेल तर वाट पाहण्यात दिवस घालवू नका. पंचनाम्यासाठी कळवा आणि पुढील पिकाचे नियोजन करा.