जागा नव्हती, म्हणून बॅकअप नव्हता!

२६ सप्टेंबर २०२५. दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला आग लागली. लिथियमच्या बॅटऱ्या हलवण्याचं काम सुरू होतं. ९६ सरकारी यंत्रणा जळाल्या. बहुतेकांचा बॅकअप होता, 'जी-ड्राइव्ह'चा नव्हता. सरकारी कर्मचाऱ्यांनी कामाच्या फायली ठेवायची ही जागा, माणशी सुमारे ३० जीबी. एकूण ८५८ टेराबाइट माहिती गेली. सरकारचं उत्तर काय, तर आकार एवढा मोठा की बाहेर बॅकअप घेता येत नव्हता.

आता हिशेब करा. दुकानात मिळणाऱ्या ४ टेराबाइटच्या साधारण २१५ हार्ड डिस्कमध्ये हे सगळं मावलं असतं.

जागेची खरी टंचाई होती टेपच्या जमान्यात. त्या लोकांनी तोडही काढली होती, 'आजोबा-वडील-मुलगा' पद्धत. रोजची टेप मुलगा, आठवड्याची वडील, महिन्याची आजोबा. रोजच्या ६, आठवड्याच्या ४, महिन्याच्या १२. अशा २२ टेपांत वर्षभर मागे जाता येतं, ३६५ लागत नाहीत. सोमवारची टेप पुढच्या सोमवारी पुसून परत वापरायची. पूर्ण नक्कल आठवड्यातून एकदा, रोज फक्त बदललेलं तेवढंच. सहा महिन्यांपूर्वीचा नेमका मंगळवार मिळणार नाही, पण त्या महिन्याची नक्कल मिळेल. काय गेलं तर चालेल हे आधी ठरवायचं, मग जागा वाटायची.

नुसतं वेळापत्रक करूनही भागत नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपचे पाच मार्ग होते म्हणे! कामी आली ती सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेली एक नक्कल. बाकीचं कुणी तपासूनच पाहिलं नव्हतं.

आपल्याकडे २१ जून २०१२ ला मंत्रालय पेटलं, तेव्हा कागदी फायली जळाल्या. आता सातबारा, जन्माचे दाखले, पतसंस्थेचं खातं सगळं कॉम्प्युटरवर आहे. म्हणून नगरपालिकेत, ग्रामपंचायतीत, पतसंस्थेच्या सभेत तीन प्रश्न विचारा. शेवटचा बॅकअप कधी घेतला? तो त्याच इमारतीत आहे का? उघडून शेवटचा कधी पाहिला?

'साहेब, जागा नाही' असं उत्तर आलं, तर चौथा प्रश्न विचारा. आहे त्या जागेत काय जपायचं, हे कुणी आणि कधी ठरवलं?