शहात्तरचा पाऊस, सत्त्याहत्तरचा समुद्र

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळाचा विषय निघाला की हल्ली पाठोपाठ ‘एल निनो’ येतोच. प्रशांत महासागर तापला, मोसमी वारे दुबळे झाले, हिंदुस्थानात लाखो माणसे मेली. दुष्काळ आयोगाने १८८० च्या अहवालात ब्रिटिश मुलखातले जादा मृत्यू सुमारे साडेबावन्न लाख धरले. यातली कुठलीच गोष्ट खोटी नाही. पण उपलब्ध कागद तारीखवार लावले की एक पेच समोर येतो. दख्खनचा पाऊस बुडाला १८७६ मध्ये, आणि समुद्र तापल्याचे ठळक पुरावे आहेत १८७७ चे.

आधी दख्खनचे पाहू. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरांत, सोलापूर (१८८४), नगर (१८८४), पुणे (१८८५) या खंडांत, दुष्काळाची हकिकत जवळजवळ एकाच साच्यात येते. सुरुवातीचा पाऊस तुटपुंजा, सप्टेंबर-ऑक्टोबरात चार सरी, रब्बीची पेरणी नाममात्र. सोलापूर-विजापूर पट्ट्याचा जीव ज्वारीवर, आणि ज्वारीचा जीव परतीच्या पावसावर. तोच आला नाही. ही पुस्तके सरकारी आहेत आणि सरकारची बाजू सांभाळतात, म्हणून मदतकार्याच्या भागात ती जपून वाचावीत. पावसाच्या बाबतीत मात्र त्यांना खोटे बोलण्याचे कारण नव्हते. शिवाय पुणे सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून मागवून प्रसिद्ध केलेली वृत्ते आहेत. सभा सरकारशी मजुरीवरून भांडत होती, तरी पाऊस कधी गेला याबद्दल दोघांत वाद नाही. तिसरा साक्षीदार अगदी वेगळा: तमिळ मुलखात हा दुष्काळ ‘तादु’ वर्षाचा म्हणून ओळखला जातो. तादु म्हणजे धाता संवत्सर, शके १७९८. म्हणजे १८७६-७७ च.

१८७७ ची गोष्ट निराळी. त्या वर्षी पाऊस एका मुलखात नव्हे, जवळपास सगळीकडेच बुडाला. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवलेल्या पर्जन्यमापकांच्या जुन्या नोंदी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत बी. पार्थसारथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासून ३०६ केंद्रांची १८७१ पासूनची सलग मालिका उभी केली. कारकुनी वाटणारे, पण पायाचे काम. त्या मालिकेत जून ते सप्टेंबरची सरासरी सुमारे ८५ सेंटिमीटर आहे. १८७७ चा आकडा सुमारे ६० सेंटिमीटर, विसाव्या शतकातल्या कोणत्याही वर्षापेक्षा कमी. वायव्येकडचे प्रांत त्या साली करपले. दख्खनमध्ये मात्र जुलै-ऑगस्टची मोठी उघडीप संपून सप्टेंबरात पाऊस आला, आणि वर्षअखेरीस मदतीची कामे आटोपती घेतली गेली.

आता समुद्र. १८५३ च्या ब्रुसेल्स परिषदेनंतर जहाजांच्या रोजनिश्या एका पद्धतीने लिहिल्या जाऊ लागल्या. खलाशी बादलीने पाणी वर ओढी, त्यात तापमापी बुडवी, आकडा मांडी. कापडी बादलीतले पाणी बाष्पीभवनाने थोडे निवते, म्हणून आज ते आकडे दुरुस्त करूनच वापरावे लागतात. त्याहून मोठी अडचण वाटांची. पनामा कालवा व्हायचा होता. मध्य प्रशांतातून फारशी जहाजे जातच नसत. तेव्हा १८७७ च्या तापलेल्या प्रशांताचे चित्र बादल्यांच्या थोड्या नोंदींवर आणि बऱ्याच अनुमानावर उभे आहे. त्याला टेकू मिळतो तो किनाऱ्यावरून. पेरूतल्या पिऊरा या कोरड्या गावाच्या पावसाळी वर्षांची यादी व्हिक्टर एगिगुरेन यांनी १८९४ मध्ये छापली; तिच्यात १८७७-७८ ही वर्षे ओली आहेत. बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, १८६६ पासून वायुभार मोजला जात होता. तिथे तो या काळात चढलेला दिसतो.

हा चढलेला वायुभार त्याच वेळी एका माणसाच्या नजरेस आला होता. हेन्री ब्लॅनफर्ड १८७५ मध्ये स्थापन झालेल्या हवामान खात्याचे प्रमुख होते. त्यांनी ठिकठिकाणचे आकडे मागवले आणि मॉरिशसपासून ऑस्ट्रेलियापर्यंत हवा जड असल्याचे पाहिले. हाताशी एवढे धागे असताना त्यांनी १८८४ मध्ये बोट ठेवले ते हिमालयातल्या बर्फावर. त्यांना दोष देता येत नाही: बर्फ त्यांच्या कक्षेत होते, पेरूचा किनारा नव्हता. पुढे त्याच खात्याचे प्रमुख झालेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी कारकुनांकडून सहसंबंधांचे डोंगर उपसून १९२४ मध्ये दोन महासागरांवरच्या या वायुभाराच्या हेलकाव्याला ‘सदर्न ऑसिलेशन’ हे नाव दिले. हा हेलकावा आणि प्रशांताचे तापणे ही एकाच घडामोडीची दोन अंगे आहेत, हे याकोब ब्येर्कनेस यांनी १९६९ मध्ये मांडले.

मग १८७६ चे काय? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दीप्ती सिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की १८७० ते १८७६ या काळात उष्ण कटिबंधातला प्रशांत महासागर उलट थंडच होता. म्हणजे दख्खनच्या पहिल्या साली एल निनोला सरसकट आरोपी करता येत नाही. माझ्या मते या दुष्काळाचे लेखन दोन प्रकरणांत व्हायला हवे. पहिल्यात एका पट्ट्याची हुकलेली रब्बी, महागलेले धान्य, सरकारने दुष्काळाच्या पाहणीस पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी दिवसाला एक पौंड धान्यावर आणलेली मजुरी, आणि ती नाकारून कामावरून उठलेले मुंबई इलाख्यातले मजूर. दुसऱ्यात समुद्र. तो तापला तेव्हा सोलापूरच्या खडी फोडणाऱ्यांची अंगे आधीच वाळलेली होती.

दुसरे प्रकरणही सरळ नाही. १९९७ मध्ये एल निनो जबर होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका पडला. त्याचे श्रेय बहुतेक अभ्यासक हिंदी महासागराला देतात: आफ्रिकेकडची बाजू उबदार, सुमात्राकडची थंड, हा द्विध्रुव त्या वर्षी बळकट होता. पण सिंग यांच्याच अभ्यासानुसार १८७७ मध्येही तो तितकाच किंवा अधिक बळकट होता, आणि पाऊस तरीही गेला.